इंजेक्टर नवे घातले, तरी इंजिन आचके का देतंय?

इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे पार्ट, बदलून, त्यांना इंधन पुरवणारी रेल जागेवर बसवून, शेवटचा बोल्ट आवळून चावी फिरवावी आणि इंजिन सुरू होताच स्टिअरिंग थरथरायला लागावं, आरशातलं चित्र डगमगावं, तेव्हा पोटात गोळा येतो. हात काळे झालेले, खिसा हलका झालेला आणि गाडी आधीपेक्षाही वाईट चालतेय. मनात दोनच शंका येतात. एक तर नवे इंजेक्टर खराब निघाले, नाहीतर इंजिनातच काहीतरी मोठं बिघडलं. मग माणूस घाईघाईने आणखी एक पार्ट आणतो, तो बदलतो आणि थरथर तशीच राहते.

मला इथे एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. जो त्रास कामाआधी नव्हता आणि काम झाल्या क्षणापासून सुरू झाला, त्याचं कारण आधी तिथे शोधा जिथे आपला हात लागला. ओ-रिंग (रबराची गोल रिंग), कपलर (वायरीच्या टोकाची प्लास्टिकची जोडणी), काढून बाजूला केलेला पाइप, सोडलेली बॅटरीची वायर. नव्या इंजेक्टरवर संशय जरूर घ्या, पण सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला की दोष बहुधा नवा पार्ट न आणताच सापडतो.

पुढचं बरंचसं विवेचन साध्या पेट्रोल इंजिनाचं आहे, ज्यात इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारतात. डिझेल इंजिन आणि थेट सिलिंडरमध्ये फवारणारं पेट्रोल इंजिन यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांचा भाग शेवटाकडे आहे. तुमची गाडी त्यातली असेल तर तो आधी वाचा, मगच बॉनेट उघडा.

थेंबाचा सहावा हिस्सा

इंजिन इतक्या बारीकसारीक गोष्टींनी का बिघडतं, हे कळायला थोडा हिशेब करू. चार सिलिंडरचं मध्यम आकाराचं इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्या) आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू आहे आणि तासाला साधारण पाऊण लीटर पेट्रोल पितंय, असं धरा. म्हणजे मिनिटाला साडेबारा मिलिलीटर. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल लागतं, म्हणून प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो आणि चौघे मिळून १,६०० वेळा. भागाकार केला तर एका फवाऱ्याला पेट्रोल येतं ०.००८ मिलिलीटरच्या आसपास. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब ०.०५ मिलिलीटरचा असतो. म्हणजे एका थेंबाचा जेमतेम सहावा हिस्सा.

एवढंसं पेट्रोल मोजून द्यायला इंजेक्टर फक्त २ ते ३ मिलिसेकंद उघडतो. त्यातलाही जवळपास १ मिलिसेकंद आतली कॉइल सुईला उचलते त्यातच जातो. उरलेल्या वेळात जे येईल ते हवेत मिसळून जळायचं, आणि प्रमाणही ठरलेलं: एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो, म्हणून आत येणारी हवाही थोडीच असते. अशा वेळी एखाद्या फटीतून चोरून आलेली हवा किंवा एका इंजेक्टरने जास्त सोडलेलं पेट्रोल लगेच जाणवतं. तीच फट ३,००० आरपीएमवर, भरपूर हवा आत येत असताना, लक्षातही येत नाही. म्हणून 'आयडलला थरथरतं, पण रस्त्यावर बरी चालते' हे वाक्य ऐकलं की माझं लक्ष आधी हवेच्या गळतीकडे जातं.

आधी ऐका: एकच सिलिंडर मिसिंग करतोय की सगळं इंजिनच हेलकावे खातंय?

पाना उचलण्याआधी दोन मिनिटं नुसतं ऐका. एक सिलिंडर गळपटला असेल तर इंजिनाची लय ठराविक अंतराने तुटते. तीन ठोके नीट पडतात, चौथा पोकळ जातो, पुन्हा तीन नीट आणि चौथा पोकळ. यालाच मिसिंग किंवा मिसफायर म्हणतात. सायलेन्सरच्या तोंडापाशी हात धरला तरी तो 'फप्' असा खंड जाणवतो. उलट आरपीएम वर जातंय, खाली येतंय, पुन्हा वर जातंय, असे हेलकावे असतील तर दोष सगळ्यांना मिळून आहे: मोठी हवेची गळती, पेट्रोलचं प्रेशर किंवा गाडीच्या कॉम्प्युटरची विस्कटलेली गणितं.

लय तुटत असेल तर कोणता सिलिंडर, ते शोधायचं. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर काढा आणि परत लावा. चांगल्या सिलिंडरचा कपलर काढला की इंजिन लगेच आणखी आचके देईल. ज्याचा कपलर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच बसलेला, म्हणजे काम न करणारा, आहे. यासाठी प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचा कपलर काढू नका. कॉइल बंद केली तरी पेट्रोल येतच राहतं, ते न जळता एक्झॉस्टमध्ये जातं आणि तिथला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं. इंजेक्टरचा कपलर काढला तर पेट्रोलच थांबतं. ही चाचणी फक्त मॅनिफोल्डमध्ये फवारणाऱ्या इंजिनावर करायची. तिच्यामुळे कॉम्प्युटरमध्ये एकदोन कोड जमा होतील, ते नंतर पुसून टाका.

स्कॅनर असेल तर हेच काम कोड वाचून होतं. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०० म्हणजे कुठला एक असा ठरत नसलेला मिसफायर. पी०२०१ ते पी०२०४ दिसले तर सरळ त्या इंजेक्टरच्या वायरिंगकडे जा, तो विजेच्या जोडणीतला दोष असतो.

ओ-रिंग: सगळ्यात स्वस्त पार्ट, सगळ्यात जास्त मनस्ताप

इंजेक्टरला दोन ओ-रिंग असतात आणि दोघींची कामं वेगवेगळी आहेत. वरची रेलमध्ये बसते आणि पेट्रोल बाहेर येऊ देत नाही. खालची मॅनिफोल्डच्या भोकात बसते आणि बाहेरची हवा आत शिरू देत नाही. वरची फुटली तर ओल दिसते, वास येतो, म्हणजे ती ओरडून सांगते. खालची फाटली तर बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन आतल्या बाजूने हवा ओढत राहतं, त्या सिलिंडरचं मिक्स्चर पातळ होतं, म्हणजे लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, आणि तो आयडलला मिसिंग करायला लागतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत हे झालंय. नवे इंजेक्टर, नव्या ओ-रिंग, सगळं धुऊनपुसून बसवलेलं, आणि तरीही तिसरा सिलिंडर आयडलला बसत होता. ॲक्सिलरेटर जरा दाबला की सरळ चालायचा. दोन दिवस मी प्लग आणि कॉइलच्या मागे लागलो. मग पाण्याच्या स्प्रे बाटलीने इंजेक्टरच्या बुडाशी बारीक फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला. रेल उचलून पाहिलं तर खालच्या ओ-रिंगच्या एका बाजूने चंद्रकोरीसारखा तुकडा सोलून निघाला होता. नख कापल्यावर पडतो तेवढाच, आणि तो भोकाच्या काठावर चिकटून बसला होता. मी रेल दाबताना ती रिंग कोरडी होती, म्हणून काठावर अडकली आणि कापली गेली. दोन थेंब इंजिन ऑइल लावलं असतं तर ते दोन दिवस वाचले असते.

म्हणून बसवताना ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा. हाताला लागेल ते ग्रीस नको, ते ओघळून इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊ शकतं. भोकाच्या काठावरचा काळा थर आधी पुसून काढा. चारही इंजेक्टर सरळ उभे आहेत हे पाहून रेल दोन्ही हातांनी, दोन्ही टोकांना सारखी दाबा. बोल्ट आवळून रेल खाली ओढायची नाही. हाताने दाबून ती बसली पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवायला. बसल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी किंचित फिरतो का पाहा. एखादा अजिबात फिरत नसेल तर बहुधा तो तिरका बसलाय किंवा त्याची रिंग चेमटली आहे.

आणखी एक फसवणूक आहे. जुना इंजेक्टर ओढून काढताना त्याची जुनी ओ-रिंग कधी कधी रेलमध्ये किंवा मॅनिफोल्डच्या भोकात मागेच राहते. मग नवा इंजेक्टर त्या जुन्या रिंगवर बसतो आणि एकावर एक दोन रिंगा होतात. काढलेल्या इंजेक्टरवरच्या रिंगा मोजा. चार इंजेक्टरच्या आठ रिंगा हातात आल्या नाहीत तर उरलेली टॉर्च लावून भोकात शोधा.

पाण्याच्या फवाऱ्याबद्दल दोन शब्द. गळतीच्या जागी पाणी गेलं की ते फट क्षणभर बंद करतं आणि इंजिनाचा सूर बदलतो. कॉइल आणि कपलरवर पाणी जाऊ देऊ नका, बारीक फवारा नेमका जागेवरच मारा. काही जण हेच काम कार्ब क्लीनरने करतात. तापलेल्या इंजिनावर पेटणारं रसायन उडवणं मला मान्य नाही. गॅरेजमध्ये धुराचं मशीन असेल तर उत्तमच. इनटेकमध्ये धूर भरला की फट स्वतःच दिसते.

कपलर आणि वायरिंग

कपलर बसताना 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर कपलर बसलेला नाही, वरून कितीही बरोबर दिसू दे. पण आवाज आला म्हणजे सगळं झालं असंही नाही. जुन्या गाड्यांत उष्णतेने कपलरचं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि आतली पिन मागे सरकते. बाहेरून लॉक लागतो, आत पिन इंजेक्टरला टेकतच नाही. कपलर काढून आत डोकावून पाहा, दोन्ही पिना एका पातळीत आहेत का.

इंजेक्टर काम करतोय का, हे कानाने कळतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर ठेवा आणि मूठ कानाशी धरा. फॅन आणि बेल्टपासून कपडे, केस लांब ठेवा. प्रत्येक इंजेक्टर सारखी, कोरडी टिक-टिक करतो. एखादा गप्प असेल तर इंजिन बंद करून त्याचा रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांतल्या इंजेक्टरचा १२ ते १६ ओहम येतो, काही जातींचा २ ते ३ ओहमच असतो. आकड्यापेक्षा चारही सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. चौघांत एक वेगळा निघाला की तो दोषी. रेझिस्टन्स ठीक आणि तरी गप्प असेल तर त्याच्यापर्यंत वीज पोचत नाहीये. कपलरमध्ये लावायचा छोटा टेस्ट लाइट मिळतो, स्टार्टर मारताना तो लुकलुकला पाहिजे.

कपलरांची अदलाबदल हाही नेहमीचा प्रकार आहे. पहिल्याचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा पहिल्याला. अशाने इंजिन बंद पडत नाही, कारण पेट्रोल मॅनिफोल्डमध्येच साठतं आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर आत जातं. पण वेळ चुकते आणि चालण्यात खडबडीतपणा येतो. वायरिंग काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला तर ही वेळच येत नाही. कॉइल काढल्या असतील तर त्यांचे कपलरही याच नजरेने तपासा.

आणि प्लग. रेल काढताना एखादं अवजार निसटून प्लगवर आपटलं असेल तर पांढऱ्या सिरॅमिकला केसाएवढी चीर पडते आणि ठिणगी आत जायच्या आधीच बाहेरून निसटते. मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरचा प्लग एकदा बाहेर काढून उजेडात फिरवून पाहा. तो ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. अगदी कोरडा असेल तर पेट्रोलच येत नसावं.

काढलेले पाइप

इंजेक्टरपर्यंत पोचायला एअर फिल्टरचा डबा, हवेचा जाड पाइप, कधी कधी अख्खा मॅनिफोल्डही काढावा लागतो. यातलं जे काही काढलं असेल ते एकेक करून पुन्हा हाताने हलवून पाहा. क्लॅम्प नीट बसलाय का, ब्रेक बूस्टरचा पाइप लागलाय का, इंजिनाच्या व्हेंटिलेशनची नळी तडकली तर नाही ना, एअर फ्लो सेन्सरचा कपलर परत लावलाय का. मॅनिफोल्ड काढला असेल आणि जुनंच गॅस्केट परत घातलं असेल, तर पहिला संशय तिथेच घ्या. रेलवर प्रेशर रेग्युलेटर असेल तर त्याची व्हॅक्यूमची बारीक नळी पाहा. ती सुटली की आयडलला पेट्रोलचं प्रेशर वाढतं आणि शिवाय तिथून हवाही आत जाते.

पेट्रोलची बाजू

काम झाल्यावर स्टार्टर मारायच्या आधी नुसती चावी ऑन करा. पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. चावी ऑफ करून पुन्हा ऑन करा, असं तीनचार वेळा. यामुळे रेलमधली हवा पुढे ढकलली जाते. हे न करता सुरू केलेलं इंजिन पहिलं मिनिटभर आचके देऊ शकतं, त्याने घाबरायचं कारण नाही. चावी ऑन असतानाच टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरच्या वरच्या तोंडाशी ओल आहे का पाहा. एक थेंब जरी दिसला तरी स्टार्टर मारायचा नाही. गरम इंजिनावर टपकणारं पेट्रोल म्हणजे आग. रेल पुन्हा काढावी लागली तर आधी प्रेशर उतरवा: पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालवा, ते आपोआप बंद पडेल. मग ते थंड होऊ द्या, बॅटरी सोडा आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

अशा इंजिनांत रेलचं प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं. रेल उघडी असताना बारीकसा कचरा किंवा गंजाचा कण आत गेला तर तो थेट नव्या इंजेक्टरच्या तोंडावरच्या चिमुकल्या जाळीत अडकतो. इंजेक्टर नवा असूनही अर्धा बंद होतो. म्हणून इंजेक्टर काढल्यावर रेलची तोंडं स्वच्छ कापडाने झाकून ठेवावीत.

जुने इंजेक्टर काढताना थोडं पेट्रोल मॅनिफोल्डच्या भोकांत सांडतं. त्यामुळे पहिल्यांदा सुरू होताना इंजिन अडखळेल, काळा धूर सोडेल आणि मिनिटाभरात साफ होईल. साफ झालं नाही, उलट गाडी गरम असताना सुरू व्हायला वेळ लागतो आणि पेट्रोलचा वास येतो असं असेल, तर एखादा इंजेक्टर बंद असतानाही ठिबकत असावा. ते गंभीर आहे. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक ओढून पाहा: पातळी वाढली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका. ऑइल बदला आणि तो इंजेक्टर काढा.

कॉम्प्युटरची जुनी आठवण

गाडीचा कॉम्प्युटर गेल्या काही महिन्यांत शिकलेलं लक्षात ठेवतो. जुने इंजेक्टर चोंदलेले होते, पेट्रोल कमी पडत होतं, म्हणून त्याने हळूहळू प्रत्येक फवारा लांबवत नेला होता. आता नवे इंजेक्टर पूर्ण फवारतात आणि तो अजून जुन्याच हिशेबाने जास्त वेळ उघडे ठेवतो. मिक्स्चर रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. उलट बॅटरी सोडली असेल तर बऱ्याच गाड्यांत सगळं शिकलेलं पुसलं जातं, थ्रॉटल किती उघडला की आयडल नीट बसतं हेसुद्धा. दोन्ही प्रकारांत पहिला दिवस खडबडीत जाऊ शकतो. स्कॅनरने जुनी शिकवण पुसून, थ्रॉटलचं रीलर्न करून (नव्याने शिकवून) गाडी वेगवेगळ्या वेगांत चालवली की हे निवळतं. पण हे कारण हेलकाव्यांना लागू पडतं. एकच सिलिंडर सतत बसत असेल तर 'चालवून चालवून सुधारेल' म्हणून वाट पाहू नका.

स्कॅनरवर 'फ्यूएल ट्रिम' नावाचे दोन आकडे दिसतात, एक तात्पुरता आणि एक लांब पल्ल्याचा. ते वाचायला शिकलात तर अर्धी लढाई जिंकलात. आकडा अधिक असेल तर कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा जास्त पेट्रोल देतोय, कारण त्याला मिक्स्चर लीन दिसतंय. उणे असेल तर तो पेट्रोल कापतोय. शून्याच्या आजूबाजूला, दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. खरी गंमत दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात आहे. आयडलला अधिक २० आणि २,५०० आरपीएमवर अधिक ४ आलं, तर हवेची गळती आहे. आयडलला बरं पण चढावर, जोर लागताना आकडा वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा जाळी. सगळीकडे सारखंच उणे, तर इंजेक्टर गरजेपेक्षा मोठे आहेत किंवा प्रेशर जास्त आहे.

पण दोन ठिकाणी हे आकडे फसवतात. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरलेला तसाच बाहेर पडतो. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला तो दिसतो आणि कॉम्प्युटरची समजूत होते की मिक्स्चर लीन आहे, जरी तिथे कच्चं पेट्रोल वाहत असलं तरी. दुसरं म्हणजे सरासरी. समजा एक इंजेक्टर १५ टक्के जास्त सोडतोय आणि बाकी तीन बरोबर आहेत. चौघांचा धूर एकाच सेन्सरवरून जातो, त्याला सरासरी जेमतेम ४ टक्के जास्त दिसते. कॉम्प्युटर चौघांचंही ४ टक्के कापतो. आता तीन सिलिंडर ४ टक्के लीन आणि एक ११ टक्के रिच. स्कॅनरवर उणे ४, म्हणजे दिसायला अगदी निरोगी, आणि इंजिन मात्र थरथरतंय. म्हणूनच इंजेक्टर सगळे एकदम आणि एकमेकांशी जुळवलेले घालावेत. तीन जुने आणि एक नवा हा संसार सहसा नीट चालत नाही.

इंजेक्टर चुकीचा असू शकतो का?

असू शकतो, आणि तो भोकात अगदी चपखल बसूनही चुकीचा असू शकतो. इंजेक्टरवर लिहिलेला प्रवाह कोणत्या प्रेशरला मोजला आहे ते पाहा. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ४ बारला मिनिटाला ३०० मिलिलीटर देणारा इंजेक्टर ३ बारला २६० च देईल. दोन कागदांवर ३०० हाच आकडा असला तरी प्रेशर वेगळं असेल तर ते इंजेक्टर सारखे नाहीत.

याहून छुपा फरक उघडायला लागणाऱ्या वेळेचा. नवा इंजेक्टर जुन्यापेक्षा ०.२ मिलिसेकंद उशिरा उघडतो असं धरा. आयडलला अडीच मिलिसेकंदांच्या फवाऱ्यात कामाचा वेळ दीडच असतो, त्यातले ०.२ गेले म्हणजे १३ टक्के पेट्रोल गेलं. जोरात चालताना १० मिलिसेकंदांच्या फवाऱ्यात तेच ०.२ म्हणजे जेमतेम २ टक्के. म्हणून मोठे किंवा दुसऱ्या गाडीचे इंजेक्टर घातलेली गाडी पळते छान आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरते. फवाऱ्याचा आकारही महत्त्वाचा. दोन इनटेक व्हॉल्व्ह असलेल्या सिलिंडरला दोन धारांत फवारणारा इंजेक्टर लागतो, आणि तो ठरलेल्या दिशेलाच तोंड करून बसवावा लागतो. एकाच धारेचा घातला तर पेट्रोल मधल्या भिंतीवर आपटतं.

डिझेल आणि थेट फवारणी

इथे सगळ्यात आधी इशारा. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये आयडललाच काहीशे बार प्रेशर असतं, जोर लागताना १,६०० बारच्या वर जातं. इंजिन चालू असताना पाइपचं नट ढिलं करून 'हवा काढायची' जुनी पद्धत इथे जिवावर बेतू शकते. ती धार कातडीला भोक पाडून डिझेल मांसात घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते आणि आतला भाग सडत जातो. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. या इंजेक्टरच्या वायरींतही १२ व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब असतो, म्हणून चालू इंजिनावर कपलर काढायची चाचणी इथे करायची नाही.

बऱ्याच डिझेल इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. तो इंजेक्टर कारखान्यात तपासताना त्याचा जो बारीक फरक आढळला, तो त्या कोडमध्ये असतो. मुख्य फवाऱ्याआधी जो छोटा फवारा उडतो तो एकदोन घन मिलिमीटरचाच असतो, तिथे हा फरक मोठा ठरतो. कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये भरला नाही, किंवा दुसऱ्याचा कोड तिसऱ्याला भरला, तर नवेकोरे इंजेक्टरही खडखडतात. नवे इंजेक्टर बसवण्याआधी कोडचा फोटो काढा, बसवल्यावर काही ठिकाणी तो दिसत नाही.

दुसरी जागा म्हणजे बुडाचं तांब्याचं वॉशर. ते प्रत्येक वेळी नवं घालायचं आणि त्याच जाडीचं. जुनं घातलं किंवा खालची बैठक काजळीसकट सोडली, तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बाजूने निसटतं, 'चफ-चफ' आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. तिसरी जागा रिटर्न. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या एकेका बाटलीत सोडून ठराविक वेळ इंजिन चालवतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा फार भरली, तो आतून गळतोय.

थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनाला टोकाशी टेफ्लॉनची बारीक रिंग असते. ती शंकूवरून ताणून चढवावी लागते आणि मग नळीत घालून पुन्हा आवळून मापात आणावी लागते. हे न करता बसवली तर ती फाटते. बऱ्याच गाड्यांत हाय प्रेशरचा पाइप एकदाच वापरायचा असतो.

लाइट लुकलुकत असेल तर

चेक इंजिनचा लाइट नुसता पेटलेला असेल तर गाडी हळू चालवत घरी नेता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर इतका आहे की कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळू शकतो. बाजूला घ्या आणि बंद करा. इंजेक्टरच्या कामापेक्षा तो कन्व्हर्टर कितीतरी महाग पडतो.

सगळं तपासून झालं आणि तरी एक सिलिंडर बसलेलाच असेल, तर आता इंजेक्टरची पाळी. साध्या पेट्रोल इंजिनात दोषी सिलिंडरचा इंजेक्टर चांगल्या सिलिंडरला घाला आणि त्याचा इकडे, दोन्हींना नव्या ओ-रिंग लावून. मिसिंग इंजेक्टरबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेलं तर इंजेक्टर खराब, तो परत करा. मिसिंग जागच्या जागी राहिलं तर इंजेक्टर निर्दोष आहे. तशीच अदलाबदल कॉइल आणि प्लगची करा. तरीही तोच सिलिंडर राहिला, तर कंप्रेशन मोजा. निरोगी पेट्रोल इंजिनात ते साधारण १० ते १४ बारच्या दरम्यान येतं, आणि सगळ्यांत जास्त व सगळ्यांत कमी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगांकडे बघावं लागेल. तसं निघालं तर मूळ तक्रारही कदाचित तीच होती, ज्यासाठी इंजेक्टर बदलले गेले.

तोवर जुने इंजेक्टर टाकू नका. पट्टीवर सिलिंडरचा नंबर लिहून चिकटवा आणि स्वच्छ डब्यात ठेवा. ते परत घालून गाडी आधीसारखी चालली तर दोष नव्या पार्टांत आहे. जुन्यांवरही तशीच थरथरली, तर दोष बसवण्यात किंवा इंजिनात आहे.